चढावरचा धूर

मिस्त्रीने रेसच्या गाडीचं इंजिन नव्याने बांधून दिलं आणि बजावलं, "ताई, चढावर दाबून चालवा, नाहीतर पिस्टनच्या रिंगा नीट बसायच्या नाहीत." गाडी रस्त्याला लागली तेव्हा शेजारी बसलेले वडील मात्र घोकत होते, "अगं, हळू! नवं इंजिन आहे."

दाबू की सोडू, लेकीला काही सुचेना. चढ लागला तसा तिने धीर करून ॲक्सिलरेटर दाबला, आणि बॉनेटमधून धूर निघाला. गांगरून तिने गाडी थांबवली, मिस्त्रीला फोन लावला.

"इंजिनवर सांडलेलं ऑइल जळतंय, धूर जाईल आपोआप," मिस्त्री म्हणाला.

"बंद कर आधी!" वडील ओरडले.

तिचा हात किल्लीवरच राहिला. तेवढ्यात धूर विरला, इंजिन एका लयीत चालू होतं.

"बघ, हळू चालवल्याचा फायदा," वडील समाधानाने म्हणाले.

आपण नक्की कुणाचं ऐकलं, हे तिलाच कळेना.