आईच्या नावाचा पास

मंडळी, देवाला जायचं म्हटलं की आपण आधी काय शोधतो? लहान रांग! खोटं वाटत असेल तर या पोस्टातल्या कारकुनाचंच बघा.

साहेबांनी रजा दिली मोजून तीन दिवसांची, आणि डोंगरावरच्या देवाची रांग आठ-आठ तासांची. फॉर्म भरताना त्याला नियम दिसला: सत्तरीपुढच्यांना थेट दर्शन, सोबत दोघांना मुभा. पायथ्याच्या कचेरीत म्हातारं माणूस दाखवायचं, की पास हातात!

"आईला नेऊ," तो बायकोला म्हणाला.

"अहो, नऊशे पायऱ्या! त्यांचे गुडघे बघितलेत का?"

"वर कोण नेतंय? पास मिळाला की तिला खाली खोलीत बसवू. एका दगडात दोन पक्षी!"

बायकोलाही लहान रांग हवीच होती की!

आईला मात्र "तुलाही न्यायचंय" एवढंच कळलं. झालं! म्हातारी रोज सकाळी कठडा धरून जिना चढू-उतरू लागली. शेजारणीला म्हणाली, "पोरगा म्हणतो, तुझ्याशिवाय जायचं नाही."

निघायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "वर थंडी असते ना रे? शाल घेऊ?"

तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. "तुला कशाला? तू तर खालीच..."

त्यानं जीभ चावली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"अस्सं," आई म्हणाली. "म्हणजे मी नुसती दाखवायला! अरे, ती सोय पाय दुखणाऱ्यांसाठी. माझे गुडघे पुढे करून तुम्ही धडधाकट माणसं घुसणार? रांगेत कुणाची तरी आई ताटकळत असेल, तिच्याही पुढे? आणि मी शेजारणीला मोठ्या तोंडानं सांगून बसले रे! आता तिला काय सांगू?"

अरेरे! ते ऐकून तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. मान वर करून आईकडे बघायचीही त्याला लाज वाटली.

त्यानं फॉर्मवरून स्वतःचं नाव काढलं आणि दोन दिवसांची रजा वाढवून घेतली. पासावर आई गेली, डोलीत बसून, सोबतीला सून. तो साध्या रांगेत उभा राहिला. आठ तासांनी देवापुढे पोहोचला, तेव्हा मागायचं काही सुचेना. "चुकलो," एवढंच म्हणाला.

बाबांनो, म्हाताऱ्यांच्या सवलती म्हाताऱ्यांसाठीच असतात. आईला खाली बसवून वर गेलात, तर देवाला तोंड कुठलं दाखवाल?