पाठीवरचं चित्र

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे, पण रद्दीतला नव्हे. मी चित्रकथीच्या पोथीतला शेवटचा कागद. चित्रकथी म्हणजे एकेक चित्र पुढे धरून गोष्ट गाऊन सांगणारा माणूस. कुडाळजवळच्या सीतारामने मला घडवलं. दोन कागद पाठीला पाठ लावून चिंचोक्याच्या खळीने चिकटवले, म्हणून मला दोन तोंडं आहेत. पुढे राजपुत्राला गिळणारा लाल मासा. पाठीवर, माशाच्या पोटातून सुटलेला तोच मुलगा आणि त्याला कवटाळणारी आई.

सीतारामचा मुलगा गुणाजी मला घेऊन मुंबईत चारकोपला आला. आठवडाभर कारखान्यात डब्यांवर नंबर रंगवायचा आणि रविवारी सेक्टरातली पोरं जमवून गोष्ट सांगायचा. मासा आला की पोरं श्वास रोखायची. मग गुणाजी मला असा झटक्यात उलटवायचा, की मागे बसलेल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. त्यांच्या घराण्याचा एक नियम होता. पोथी सोडली की गोष्ट संपल्याशिवाय बांधायची नाही.

पुढे ऐकायला कुणी उरेना. गुणाजीचा मुलगा हर्षद तर लहानपणीसुद्धा माशापर्यंत बसायचा आणि क्रिकेटला पळायचा. मी कपाटावर धूळ खात पडलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

गेल्या वर्षी गुणाजीला पंचाहत्तर वर्षं झाली. हर्षदने सोसायटीचा हॉल घेतला. "बाबा, सगळ्यांसमोर पूर्ण गोष्ट सांगा," म्हणाला. म्हातारा आठ दिवस गळा साफ करत होता. शेवटच्या दोन दिवसांत हर्षदने मला गुपचूप काढून फ्रेमवाल्याकडे नेलं. फ्रेमवाल्याने माझ्या पाठभर सरस फासला आणि मला प्लायवूडवर दाबून बसवलं. मी ओरडणार कसा?

हॉलमध्ये गुणाजी रंगात आला होता. शेवटच्या चित्रासाठी त्याने हात घातला, तर पोथीत मी नाही. तेवढ्यात हर्षदने फ्रेमवरचं कापड ओढलं. टाळ्या पडल्या.

"झकास मासा आहे यार," कुणीतरी म्हणालं.

गुणाजीने फ्रेम हातात घेऊन उलटली. मागे कोरं प्लायवूड.

"हेच्या पाठीर आवस होती रे," तो म्हणाला. आवस म्हणजे आमच्याकडे आई.

"मागे पण चित्र होतं?" हर्षदने विचारलं.

"तू कधी शेवटाक बसलसच नाय."

हर्षद घाईघाईने कोपरा नखाने उचकटू लागला. गुणाजीने त्याचा हात धरला. "सोड. फाटतली ती."

मित्रांनो, मला हर्षदचा राग येतो. त्याने हे प्रेमाने केलं, याचा तर जास्तच येतो. जुनं काही भिंतीवर लावायचं असेल तर खुशाल लावा, पण आधी ते उलटून बघा, आणि ज्याचं आहे त्याच्याजवळ शेवटपर्यंत बसा.

आता मी दिवाणखान्यात आहे. येणारे-जाणारे माझे फोटो काढतात. पुढे काय झालं, हे एकानेही विचारलेलं नाही. गुणाजी समोरच्या खुर्चीत बसून असतो. पोथी त्याने अजून बांधलेली नाही. राजपुत्र अजून माशाच्या पोटातच आहे.