किल्टला लावलेला फॉल

मी एक जुना किल्ट आहे. मित्रांनो, हसू नका आणि मला स्कर्ट म्हणू नका. स्कॉटलंडच्या पुरुषांचा हा मानाचा पोशाख, आणि आता अमेरिकेतल्या बॅगपाइपच्या बँडमध्ये मुलीही तो घालतात. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो. माझी कहाणी ऐकलीत की तुम्हालाही येईल.

माझा जन्म एका शिंपिणीच्या मांडीवर झाला. नऊवारीला लागतं जवळजवळ तेवढं लोकरी कापड तिनं माझ्या एकट्यासाठी घेतलं. पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर ठेवले आणि मागे सगळ्या निऱ्या. कापडावरच्या चौकड्या मागेही अखंड दिसाव्यात अशा बेतानं तिनं एकेक निरी घातली. वरच्या भागात त्या हातानं शिवल्या, कमरेकडे निमुळत्या करत. आत कापड साठून कंबर फुगू नये म्हणून जास्तीचं कापून काढलं, त्या जागी कडक कॅनव्हास टाचला आणि वर अस्तर लावलं. निऱ्यांचा भार तो कॅनव्हासच पेलतो. आणि खाली? खाली दुमड नाही की शिवण नाही. कापडाचा मूळ काठ हीच माझी कड, म्हणून तर चालताना निऱ्या मोकळ्या झुलतात.

अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या बँडमधल्या एका म्हाताऱ्या पाइपवाल्यानं मला वर्षानुवर्षं मिरवलं. लोक त्याचं वाजवणं ऐकत आणि माझ्याकडे बघत राहत. तो थकल्यावर मात्र मी बँडच्या कपाटात पडून राहिलो, आज कसर लागते की उद्या, या धास्तीत. शेवटी १९८६ साली बँडनं मला दीपाला घालायला दिलं. दीपा तिथेच जन्मलेली मराठी मुलगी. घरच्यांची झोपमोड नको म्हणून गॅरेजमध्ये बॅगपाइप फुंकायची. शनिवारी तिची पहिली स्पर्धा होती. तिची आई पद्मिनी महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना ब्लाउज शिवून द्यायची, साड्यांना फॉल लावून द्यायची. आता माझी धडगत नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

"आई, डोन्ट टच इट, ओके? इट्स नॉट अवर्स," शाळेला निघताना दीपानं बजावलं.

"अगं, नुसती बघतेय," पद्मिनी म्हणाली.

दार लागताच तिनं मला उलटं केलं, अस्तराची शिवण उसवली आणि मैत्रिणीला फोन लावला. "प्रतिमा, कडेला साधी दुमडसुद्धा मारलेली नाही गं. आणि आतून कापड चक्क कापलंय. पोरीच्या गळ्यात डिफेक्टिव्ह पीस मारलाय बघ यांनी."

डिफेक्टिव्ह! माझं तर डोकंच फिरलं. पोरीला टोचेल म्हणून तिनं कॅनव्हास उपटून कचऱ्यात टाकला. माझा काठ आत दुमडला, त्यावर साडीचा फॉल चढवला आणि मशीन फिरवलं. एखाद्या पैठणीचा काठ असा दुमडायची तिची छाती झाली असती का? मग मला कडक इस्त्री करून, कव्हरमध्ये घालून ती समाधानानं चहा प्यायला बसली.

दीपानं मला कव्हरमधून काढलं ते थेट मैदानावर. कमरेला बांधलं आणि मागच्या निऱ्या ओल्या गोणपाटासारख्या लोंबल्या. बँडच्या प्रमुख मिसेस ग्रँट यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, माझी कड उलटून पाहिली. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "आज नाही, दीपा." रांगेत सगळे किल्ट सारखेच झुलायला हवेत. दुसरा किल्ट शिल्लक नव्हता.

बँड तिच्याशिवाय निघाला. दीपा मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोराच्या अलीकडे पाइप छातीशी धरून उभी राहिली.

"तुझ्या चांगल्यासाठीच केलं गं," स्पर्धा बघायला आलेली पद्मिनी म्हणाली.

"यू नेव्हर आस्क्ड, आई."

पद्मिनी समोरून जाणारे किल्ट बघत होती. मग ती आम्हाला पार्किंगमध्ये घेऊन गेली. दीपा जीन्स चढवून आली, तेव्हा पद्मिनी गाडीत बसून एकेक टाका उसवत होती. फॉल निघाला. तिनं माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि तिचा हात थांबला.

"हा काठ आहे," ती म्हणाली. "बाई गं, काठ आहे हा, आणि मी तो दुमडला."

"आय टोल्ड यू."

"सांगितलंस. मी ऐकलं नाही."

पुढे बँडनं मला जाणकाराकडून नवा कॅनव्हास घालून घेतला, आणि पुढच्या उन्हाळ्यात दीपा मला घालून रांगेत चालली. काठावर सुईची भोकं अजून आहेत. पद्मिनी आता मला हात लावण्याआधी लेकीला विचारते. तरी मी तिला माफ केलेलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं तुम्हाला सगळेच सांगतात. पद्मिनीनं काळजीच तर घेतली होती. म्हणून मी वेगळं सांगतो. कात्री उचलण्याआधी ती वस्तू अशी का केली आहे ते समजून घ्या, आणि जिला ती वापरायची आहे तिचं ऐका. माझा फॉल उसवता आला. दीपाचा तो शनिवार कुणालाच उसवून परत शिवता आला नाही.