दाराकडे वळलेली मान

पत्र एकाच पानाचं होतं आणि त्यात एकच प्रश्न होता. 'माझी कुत्री गेली, तेव्हा तिने दाराकडे पाहिलं का?' जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरांना ते येऊन अकरा वर्षं झाली होती. उत्तर त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच ते पाठवलं गेलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर कंपाउंडरांनी विद्यापीठात नाव घातलं. माणूस आणि प्राणी यांच्या नात्याचा अभ्यास, दोन वर्षांचा एम.ए. बायकोने ऐकलं आणि कमरेवर हात ठेवले.

"अहो, माझ्याशी पस्तीस वर्षांत धड चार वाक्यं बोलला नाहीत. आता कुत्र्यामांजरांवर शंभर पानं लिहिणार?"

"ती मध्ये बोलत नाहीत," कंपाउंडर दप्तराला उद्देशून पुटपुटले.

"ऐकलं हो मी!"

वर्गात ते सगळ्यात मागे बसत. प्रश्न विचारायला हात अर्ध्यावर जाई आणि तिथून कान खाजवून खाली येई. मार्गदर्शक मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला लावली. डावीकडे जे दिसलं ते लिहायचं, उजवीकडे जे वाटलं ते. "मांजर रुसलं, हे दिसत नाही, काका. मांजर पाठ करून बसलं, हे दिसतं." एवढं अंगवळणी पडायला कंपाउंडरांना तीन महिने लागले.

प्रबंधाचा विषय त्यांनीच निवडला. आजारी जनावराला शेवटचं इंजेक्शन देताना त्याच्या माणसाने कुठे थांबावं? चौदा घरी जाऊन, अडखळत का होईना, त्यांनी मुलाखती घेतल्या. पण चौथं प्रकरण उभं होतं त्या पत्रावर, आणि विद्यापीठाच्या समितीने ते परत पाठवलं. पत्र लिहिणाऱ्या बाईंची लेखी परवानगी हवी, महिनाअखेरपर्यंत.

कंपाउंडरांनी मजकूर तयार केला. 'आपल्या पत्राचा अभ्यासासाठी उपयोग करू इच्छितो. सोबत फॉर्म जोडला आहे.' बायकोने चष्मा नाकावर ओढून तो वाचला.

"आणि तिने विचारलंय त्याचं काय?"

"ते सवडीने लिहीन."

"वा! अकरा वर्षं तोंडाला कुलूप, आणि उघडलं तेही काही मागायला?"

कंपाउंडरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी कधीच कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्या दिवशी बाई टेबलाला धरून हुंदके देत होत्या आणि कुत्री थरथरत होती. डॉक्टर इंजेक्शन भरत होते. 'ताई, तुम्ही बाहेर थांबा, तिला त्रास होतोय,' असं म्हणाले ते डॉक्टर नव्हेत. कंपाउंडरच म्हणाले होते. दारही त्यांनीच लावलं होतं.

बायकोने चष्मा काढला. "मग तर लिहायलाच हवं," ती म्हणाली आणि टेबलावरचा पसारा आवरून त्यांना जागा करून दिली.

त्यांनी कोऱ्या कागदावर उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं, 'तुम्हाला बाहेर मी पाठवलं. त्यानंतर कुत्रीने दोनदा दाराकडे मान वळवली. माझा हात तिच्या हनुवटीखाली होता, म्हणून खात्रीने सांगतो. दुसऱ्यांदा वळवलेली मान तिने परत फिरवली नाही.'

उजवीकडे लिहिलं, 'ती घाबरली नव्हती.' वाचलं. असं वाटलं होतं, की वाटावं अशी इच्छा होती? त्यांनी ते खोडलं. आणखी दोन वाक्यं लिहिली, तीही खोडली. शेवटी एकच राहिलं. 'तुम्हाला आत राहू द्यायला हवं होतं, असं मला त्याच संध्याकाळी वाटलं. हे कळवायला धीर झाला नाही.'

फॉर्म त्यांनी पाकिटात घातला नाही.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या खोलीत गेले आणि या वेळी खुर्चीत नीट टेकून बसले.

"चौथं प्रकरण काढून टाकतोय."

"काका, अहो, सगळा प्रबंध त्याच्यावर उभाय! सहा महिने मागे पडाल. शिवाय, परवानगी मागायला काय हरकत आहे?"

"त्या बाईंनी मला प्रश्न विचारला होता, मॅडम. उत्तराबरोबर फॉर्म गेला, तर ते उत्तर राहत नाही."

"आणि नवं प्रकरण?"

"आणखी दहा घरं शोधतो. जमेल की नाही, माहीत नाही. पण करणार."

मॅडमनी खणातून मुदतवाढीचा अर्ज काढून पुढे सरकवला. कंपाउंडरांनी तिथल्या तिथे सही केली.

पोस्टाच्या खिडकीशी रांग होती. त्यांचा नंबर आला तेव्हा कारकुनाने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "रजिस्टर करायचंय? पत्ता बदलला असला, तर परत येईल हं."

"येऊ दे. नवा पत्ता शोधीन आणि पुन्हा पाठवीन."

कारकुनाने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.