बॉडीतला करंट

लिंबाजी मिस्त्री वालूरहून गंगाखेडला आला तो लेकीला घरी न्यायलाच. बबितानं स्टँडमागं गाड्यांना स्टिरिओ बसवायचं दुकान टाकलं होतं आणि इकडं बापाच्या जिवाला घोर लागला होता. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून त्या भरण्यात त्याची तीस वर्षं गेली. अशाच एका मोटारीच्या बॉडीत करंट उतरला होता आणि धाकटा भाऊ सिताराम तिला चिकटला तो सुटलाच नाही. तेव्हापासून लिंबाजीचा एकच धर्म: करंटानं तारेत राहावं, लोखंडाला शिवू नये.

आणि ही पोरगी! आदिनाथ गुरुजींच्या गाडीच्या डिकीतला रंग खरवडून तिनं ॲम्प्लिफायरची काळी वायर सरळ पत्र्यालाच बोल्टानं आवळली.

"करंट पत्र्यात सोडायलीस? येड लागलं का तुला?"

"फ्यूज घेऊन येते, मग सांगते. तवर हात लावू नका, बाबा."

ऐकेल तो लिंबाजी कसला! तिची पाठ वळताच त्यानं वायर काढली, टेप गुंडाळली आणि ती ॲम्प्लिफायरच्या मागं दडवली. लेक वाचली म्हणून निवांत तंबाखू मळत बसला.

बबितानं येऊन फ्यूज टाकला, बॅटरी जोडली, स्टिरिओ चालू केला. स्पीकर ढिम्म. ती पुढच्या सगळ्या वायरी तपासत सुटली. तिचं हे पहिलंच मोठं काम होतं आणि गुरुजी चारला यायचे होते. तिचा रडवेला चेहरा बघून लिंबाजीला राहवेना.

"काळी वायर मी काढली," तो म्हणाला.

आता ही तोंड सोडणार, असं त्याला वाटलं. पण ती त्याच्याशेजारी खाली बसली.

"सितारामकाकामुळं ना?"

त्यानं मान डोलावली.

"बाबा, लाल वायरीनं करंट मागं येतो अन् या पत्र्यातनं बॅटरीकडं परत जातो. अख्खी गाडीच काळी वायर हाय. बारा व्होल्टचं काम, माणसाला धरत न्हाई."

तिनं वायर पुन्हा आवळली, आवाज लावला आणि दोन्ही तळवे टपावर टेकले. लिंबाजी एक पाऊल मागं सरला. पण पत्र्यावर लेकीचे हात होते. जे व्हायचं ते दोघांचं होईल, म्हणून त्यानंही हात टेकले.

स्पीकरमधून पखवाज घुमला. थाप पत्र्यातून त्याच्या कोपरापर्यंत चढली. एवढं लोखंड, त्यातून करंट वाहत होता, वर हा नाद, आणि आपण दोघं धडधाकट उभे! सारा जन्म करंटाबरोबर काढला आणि हे कधी दिसलं नाही. "धन्य हाय रे देवा," तो पुटपुटला आणि भरल्या डोळ्यांनी कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

चार वाजता गुरुजी आले. बबिता सीटखाली डोकं घालून वायरी बांधत होती आणि लिंबाजी दारातून तिला उजेड दाखवत होता.

"अरे, लिंबाजी मिस्त्री! तुम्हीच बसवलं म्हणा की!"

"न्हाई गुरुजी. मिस्त्री आत हायेत," लिंबाजी म्हणाला. "मी निस्ता टॉर्च धरायलोय."