इंद्राच्या डाव्या हाताला

पडद्यावर इंद्राचा दरबार भरला आणि बयाबाई बसल्या जागेवरून उठून उभी राहिली. मागच्या बायका ओरडल्या, कुणी तिचा पदर ओढला, तरी ती बसेना. इंद्राच्या डाव्या हाताला चवरी ढाळत जो उभा होता, तो तिचा नवरा होता. चिमाजी. डोक्यावर मुकुट, गळ्यात माळा, पायांखाली ढग. उजवी भुवई मधेच तुटलेली. लहानपणी तिथं बैलाचं शिंग लागलं होतं.

तिनं हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं पापणी मिटू दिली नाही.

वेल्ह्याच्या बाजारात तंबूतला सिनेमा पहिल्यांदाच आला होता. बैलगाडीतून डबा वाजवत फिरणारा माणूस ‘थेट कोल्हापूरहून आणलेला बोलता खेळ’ म्हणून ओरडत होता. आत बसलेल्यांना मात्र तो खेळ वाटतच नव्हता. देव प्रकटले की नारळ फुटत होते, पडद्यापुढे फुलं पडत होती. पडद्याजवळ बसलेला एक म्हातारा तर राक्षस आला तेव्हा काठी घेऊन उठला होता.

चिमाजी घरातून गेला तेव्हा लग्नाला दोन पावसाळेही झाले नव्हते. ‘गोसाव्यांच्या जथ्यात गिरनारला गेला, त्याला बोलावणं आलं,’ असं त्याच्या आईनं, साळूबाईनं, साऱ्या वाडीला सांगितलं. बयाबाई आधी रडली. मग वाडीतल्या बायका तिच्या पाया पडायला लागल्या आणि तिचं रडणं थांबलं. ती एक वेळ जेवू लागली, घोंगडीवर निजू लागली.

पुढे तिचा भाऊ भिमा आला. चिमाजीशी काडीमोड घ्यायची आणि हिर्डोशीच्या रखमाजीशी पाट लावून तिचा दुसरा संसार मांडायचा, असं त्याच्या मनात होतं. रखमाजीची बायको बाळंतपणात गेलेली. भिमाबरोबर तो ओट्यावर थोडा वेळ बसून गेला, फारसं बोलला नाही; पण पाण्याचा तांब्या परत देताना त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी भाकरी थापताना बयाबाईच्या हातून दोनदा पीठ सांडलं. तेव्हा साळूबाई म्हणाली होती,

“त्यो तिकडं तप करतुया. तू पाट लावलास तर त्येचं तप मोडंल.”

बयाबाईनं भावाला परत पाठवलं. रखमाजीनं दुसरीकडे पाट लावला. त्याला आता लेकरं होती.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई अंगणात नाचणी पाखडत होती. बयाबाई तिच्यासमोर येऊन बसली.

“आत्याबाय, म्या त्यास्नी बगितलं.”

“कुनाला?”

“तुमच्या लेकाला. इंद्राच्या दरबारात हाईत. देवानं जवळ केलंय त्यास्नी. तप फळलं.”

सूप थांबलं. साळूबाईनं ते खाली ठेवलं. मग तिनं हलकेच विचारलं,

“परकुर्ती कशी हाय?”

“अंगानं भरल्यात. गाल वर आल्यात. तोंडावर कसं तेज हाय!”

साळूबाईचा सुरकुतलेला चेहरा उजळला.

“कोल्हापूर मानवलं म्हनायचं त्येला,” ती म्हणाली.

बयाबाई अजून हसत होती. त्या हसण्याचं काय करावं ते तिला कळेना. अंगणातली कोंबडी सुपाजवळ आली. तिला कुणी हाकललं नाही.

“कोल्हापूर? तुमी तर गिरनार म्हनला व्हता.”

साळूबाई जमिनीवर सांडलेले दाणे बोटांनी चाचपून गोळा करू लागली.

“जातानाच सांगून गेला मला. कोल्हापूरला शिनेमाच्या कंपनीत जातो म्हनला. आता हिकडं येत न्हाई, बायकोला काय सांगायचं ते तू सांग.”

“आन् तुमी गोसावी सांगितलं.”

“लोकं टाकलेली म्हनली असती तुला. म्या देव्हाऱ्यात बसवली.”

“रखमाजी आलं, तवा?”

साळूबाईनं मुठीतले दाणे सुपात टाकले.

“तवा कुनाचं तप मोडनार व्हतं, आत्याबाय?”

“माजं,” साळूबाई म्हणाली. “तू गेली असतीस तर मला कोन व्हतं?”

बयाबाई उठली. तिनं चूल पेटवली, भाकरी थापल्या, सासूला वाढलं. मग स्वतःला वाढून घेतलं आणि पोटभर जेवली. दुपारी शेतावर गेली. उन्हं कलल्यावर परत आली, तेव्हा साळूबाई धुतलेलं लुगडं नेसून दारात बसली होती.

“आज बी हाय म्हनं त्यो खेळ. मला ने. एकडाव बगू दे त्येला.”

साळूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजेड, अंधार आणि माणसाचा आकार, तेवढंच तिला कळायचं. बयाबाईनं तिचा हात धरला. ओढ्यातल्या दगडांवरून सांभाळून पलीकडे नेलं.

तंबूत त्या पुढे बसल्या. बाहेर इंजिन धडधडू लागलं, आत अंधार झाला. यथावकाश इंद्राचा दरबार भरला. आज बयाबाई उठली नाही. काल जे तेज वाटलं होतं तो रंग होता. कानाच्या मागे तो संपून उघडी कातडी दिसत होती. ढग म्हणजे पिंजलेला कापूस. चवरी ढाळता ढाळता चिमाजी नाचणाऱ्या अप्सरेकडे बघून ओठ दाबून हसत होता. कालही तो तसाच हसला असणार. कालही बयाबाई समोरच बसली होती.

दरबारात बाकीचे बोलत होते, गात होते. चिमाजीच्या तोंडी एक शब्द नव्हता.

साळूबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं. तमाशाच्या फडात माणसं उभी राहतात तसाच आपला लेक समोर कुठंतरी येऊन उभा राहणार, अशी तिची समजूत होती. ती मान पुढे काढून पांढऱ्या उजेडात शोधत होती.

“आला का गं?”

चिमाजी पडद्यावर होता, झाडाएवढा उंच.

“न्हाई,” बयाबाई म्हणाली. “आज न्हाई आला.”

साळूबाईनं मनगट सोडलं नाही.

“मग बसू या जरा,” ती म्हणाली. “यील.”

“बसा की,” बयाबाई म्हणाली, आणि पडद्याकडे बघत राहिली.