पावणेपाचला वावटळ

आमच्या शाळेचं वेळापत्रक मी लावते. चौदा तुकड्या, एकवीस शिक्षक, एक प्रयोगशाळा, एक मैदान. नव्याने आलेल्या बाईंना मी पहिला नियम हाच शिकवते की जो तास हलवता येत नाही तो आधी बसवायचा, बाकीचे त्याच्याभोवती. राइडच्या पार्कमधल्या एका दिवसाचं वेळापत्रक लावताना मी हा नियम मोडला. का मोडला त्याची कारणं कागदावर आहेत. एक सोडून.

खारू माझी मुलगी, अकरा वर्षांची. लहानपणी घास गालात धरून तासन्‌तास फिरायची म्हणून खारू. तिच्या पाठीचा कणा मध्ये एका बाजूला वळतो आणि खाली दुसऱ्या. येत्या गुरुवारी तिचं ऑपरेशन आहे, कण्याला दोन सळ्या बसवणार आहेत. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितल्यावर तिला विचारलं, तुला काही विचारायचंय का? आम्हाला वाटलं, दुखेल का म्हणून विचारेल. तिने विचारलं, "वावटळीत बसता येईल का?"

वावटळ म्हणजे त्या पार्कातली सगळ्यात मोठी राइड. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली बसून आल्यात आणि त्याबद्दल त्या अजून बोलतात. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "आत्ता खुशाल बस. सळ्या बसल्या की मात्र असले हिसके नाहीत. मोठी झालीस तरी नाही." तिचा चेहरा बघून त्यांनी जोडलं की कणा सरळ झाल्यावर उंची एकदम दोन सेंटीमीटर वाढेल, ते बक्षीस समज.

वावटळीत बसायला एकशेचाळीस सेंटीमीटर उंची लागते. खारू एकशेचाळीस होती. वर नाही, खाली नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर महिनाभराच्या खुणा आहेत, रोज सकाळी ती उठली की तोंड धुवायच्या आधी केलेल्या. शेवटच्या सहा एकावर एक.

ऑपरेशनआधी एकच शनिवार उरला होता.

मी दोन आठवडे पार्कच्या ॲपवर बघून प्रत्येक राइडची रांग दर अर्ध्या तासाला किती असते ते टिपून ठेवलं. मधल्या सुट्टीत, रिकाम्या तासाला, भाजी चिरताना. त्यातून एक कागद तयार केला. दहाला पाण्याची घसरगुंडी, दहा दहाला फिरते कप, असं करत करत पावणेपाचला वावटळ. आत्याने तो कागद वाचला आणि बराच वेळ मान वर केली नाही. आत्या म्हणजे माझी धाकटी नणंद. शिवणकाम करते. खारूमुळे तिला घरात सगळेच आत्या म्हणतात, मीसुद्धा.

"वहिनी, इथे शू-ला अकरा वीस लिहिलंयस," ती म्हणाली. "आणि माझ्या भावाला अकरा दहाला लागली तर?"

नवरा म्हणाला, मग तो आकाशपाळण्याशी अदलाबदल करेल. दोघं हसले. मीही हसले असावे.

ऑपरेशनची तारीख कळल्यापासून मला काही वाटत नव्हतं. रडू येईल म्हणून मी दोन दिवस रजा टाकली होती. ती रजा कपाटं आवरण्यात गेली. खारूचे जुने गणवेश निघाले, आत्यानेच शिवलेले. डावा खांदा उतरलेला दिसू नये म्हणून आत्या त्या बाजूला आत कापसाचा पातळ थर घालते. दरवर्षी तो थर थोडा जाड होत गेला होता. मी ते गणवेश ओळीने मांडले, कापूस चिमटीत धरून बघितला आणि घडी घालून ठेवून दिले.

शनिवारी आम्ही पावणेदहाला फाटकाशी होतो. आत शिरल्यावर डाव्या हाताला एक टपरी होती. तिथे मुलांची उंची मोजून मनगटावर रंगीत कागदी पट्टी बांधत होते. हिरवी पट्टी बांधली की मूल एकशेचाळीस झालं, मग दिवसभर कुणी मोजायचं नाही. टपरीपुढे तीसेक माणसांची रांग होती.

"घेऊन टाकू या पट्टी," आत्या म्हणाली.

मी नको म्हटलं. राइडपाशी मोजतातच की. इथे वीस मिनिटं घालवली तर घसरगुंडीची रांग वाढेल आणि पुढचं सगळं सरकेल. पहिल्या वीस मिनिटांत दोन राइड होतात, मी आकडे काढले होते. आणि तशा झाल्याही. दहा वाजून एकवीस मिनिटांनी मी कागदावर दोन बरोबरच्या खुणा केल्या.

त्यानंतर दिवस कागदाप्रमाणेच गेला. खरंच गेला. आम्ही कुठेही पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उभे राहिलो नाही. भुताच्या घरात नवरा किंचाळला, आणि बाहेर आल्यावर खारूने त्या किंकाळीची नक्कल तीनदा करून दाखवली. तिसऱ्या वेळी शेजारच्या बाकावरचं बाळ रडायला लागलं. आत्या म्हणाली, बरं झालं, घराण्याचं नाव निघालं. एक वाजता सावलीत बसून डबा खाल्ला. मी खारूचे खांदे बघत होते. आज तिला पाठीचा बेल्ट लावला नव्हता, एक दिवसाची सूट होती. ती पुढे जायची, परत यायची, पुन्हा पुढे जायची. आम्ही एक अंतर चालत होतो तेव्हा ती तीन चालत होती. प्रत्येक राइडवरून उतरली की माझ्या हातातला कागद खाली ओढून बघायची.

"आता मध्ये किती राहिल्या?"

मी सांगायचे. सात. पाच. दोन.

पावणेपाचला आम्ही वावटळीपाशी आलो. माझा अंदाज वीस मिनिटांचा होता, पाटीवर पंधरा होती. त्या क्षणी मला बरं वाटलं, हे कबूल करते. दिवसभरात तेवढंच काही वाटलं.

रांगेच्या तोंडाशी गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस उभा होता, पन्नाशीचा. बाजूला खांब, खांबाला आडवी दांडी. खारूने न सांगता बूट काढले, मोजे काढले, टाचा खांबाला लावल्या आणि हनुवटी सरळ धरली. रोज सकाळी आमच्याकडे धरते तशी. शिट्टीवाल्याने तिचे केस दाबले. डोकं आणि दांडी यांच्यामध्ये त्याची करंगळी सहज गेली.

"थोडी कमी पडतेय गं, बाळा."

खारू माझ्याकडे बघायला लागली. आत्याच्या पर्समध्ये टेप असतेच. तिने तिथल्या तिथे खारूला खांबाला टेकवून मापलं, ब्लाउजचं माप घेते तशी ओठ मिटून, मग पुन्हा एकदा मापलं. एकशे एकोणचाळीस आणि वर जेमतेम दोन रेघा.

"सकाळी बरोबर होती," खारू म्हणाली. "आई, सकाळी बरोबर होती ना?"

होती. आणि मला फिजिओथेरपीच्या बाई आठवल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की माणूस झोपून उठतो तेव्हा सगळ्यात उंच असतो, दिवसभर उभं राहून, चालून मणके दबतात आणि संध्याकाळी तो सेंटीमीटरभर कमी भरतो. म्हणून मोजायचं तर रोज एकाच वेळी मोजा, उठल्याबरोबर. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. खाली रेघ मारली होती. तेव्हापासून एकदाही मी तिला सकाळशिवाय मोजलं नव्हतं.

नवरा फाटकापाशी पळत गेला आणि पळत परत आला. टपरी बाराला बंद होते.

"पट्टी असती तर मी मोजलंच नसतं, मॅडम," शिट्टीवाला म्हणाला. वाईट हेतूने नाही, माहिती म्हणून. आत्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचं असतं. आत्ता ती टेप बोटाभोवती गुंडाळत राहिली.

मी विचारलं, रांगेत शेवटचा प्रवेश किती वाजता? पावणेसहाला. घड्याळात पाच वाजून दोन मिनिटं झाली होती.

"झोप," मी खारूला म्हटलं.

वावटळीच्या कुंपणाला लागून एक लांब बाक होता. त्यावर तिला उताणी झोपवलं, डोक्याखाली काही न घेता. झोपलं की मणके पुन्हा थोडे सुटतात, तेही बाईंनीच सांगितलं होतं. किती वेळात किती, ते मी विचारलं नव्हतं. कागदावरच्या उरलेल्या दोन राइड मी खोडल्या, होडी आणि छोटी आगगाडी. नवरा म्हणाला, मी पाय ओढू का, आणि त्याने खरंच तिचे घोटे हातात धरले. मग नुसतेच धरून बसला. आत्या पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

मी बाकाच्या कडेला खारूच्या डोक्याशी बसले आणि कागदाने तिला वारा घालायला लागले. वरून दर दोन मिनिटांनी गाडी जायची. बाकापर्यंत हादरा यायचा. प्रत्येक वेळी ती ओठांतल्या ओठांत आकडा म्हणत होती.

"तू ही मुद्दाम शेवटी ठेवलीस का?" तिने विचारलं. आकाशाकडे बघतच.

"नाही. संध्याकाळी रांग कमी असते म्हणून."

हे कागदावर लिहिलेलं कारण होतं. पण माझ्या दोन आठवड्यांच्या आकड्यांत आणखी एक ओळ होती. सकाळी पार्क उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात वावटळीलाही वीसच मिनिटं लागतात. सगळे आधी घसरगुंडीकडे धावतात ना. ती ओळ मी पहिल्याच दिवशी पाहिली होती आणि पुढे तिच्याकडे बघितलं नव्हतं.

गाडी एकदा वरून गेली. मग आणखी एकदा.

"सकाळीही रांग कमीच होती," मी म्हटलं. "मला माहीत होतं."

"मग?"

"ती झाली असती की मग गुरुवारच राहिला असता."

नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. खारूने विचार केला. झोपल्यामुळे तिचे दोन्ही खांदे एका रेषेत दिसत होते.

"पण गुरुवार येणारच आहे ना," ती म्हणाली.

"हो."

"मग सकाळी बसले असते तर दिवसभर मला मजा आली असती. मी दिवसभर हिचाच विचार करत होते. मला भुताचं घर आठवतसुद्धा नाही."

"किंचाळलेलं आठवतंय ना," नवरा म्हणाला.

"ते आठवतंय."

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. तिने राहू दिला. कपाळ गरम होतं, हात गार होता. एवढं मला कळलं, बाकी काही नाही.

पाच चाळीसला नवऱ्याने तिला बाकावरून सरळ उचललं आणि खांबापर्यंत आडवीच नेली, म्हणजे चालून कमी व्हायला नको. रांगेतली माणसं बघत होती. आत्या कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. डोळे धुतलेले होते, हातात पाण्याची बाटली, झाकण न उघडलेली.

शिट्टीवाल्याने आमचं बाकावरचं सगळं पाहिलं होतं. त्याने तिला दांडीखाली उभं केलं. दांडी केसांना लागली. त्याने केस दाबले, मग खाली वाकून स्वतःचे डोळे दांडीच्या रेषेत आणले आणि बराच वेळ तसाच राहिला. पलीकडच्या दिव्याचा उजेड दांडीखालून दिसत होता. अगदी दोऱ्याएवढा.

"अहो, ऐका ना," नवरा म्हणाला, "हिचं गुरुवारी..."

"बाबा," खारू म्हणाली.

तेवढंच. नवरा थांबला.

शिट्टीवाला सरळ उभा राहिला. गाडीतला वरून येणारा अडसर त्याच मापाने खांद्यावर बसतो, तो म्हणाला, त्याच्या हातात असतं तर त्याने इतका वेळ वाकून बघितलं नसतं. मी मान हलवली. आत्या त्याच्याशी भांडेल असं मला वाटलं होतं. तिने टेप पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली.

खारूने जमिनीवर बसून मोजे घातले, मग बूट. नाड्या बांधायला तिला वेळ लागतो, वाकताना एका बाजूने जावं लागतं. कुणी मदत केली नाही, तिला आवडत नाही. तेवढ्यात वावटळीची आणखी एक गाडी भरली आणि गेली.

उभी राहिल्यावर तिने शिट्टीवाल्याला विचारलं, "काका, राइडमध्ये बसायचं नसेल आणि नुसतं मोजायला आलं तर चालतं?"

"चालतं की. त्याला रांगसुद्धा नाही."

"मग मी परत येईन. माझी उंची वाढणार आहे. मी या दांडीला डोकं आपटणार आहे."

"हळू आपट," तो म्हणाला. "लोखंडी आहे."

फाटकाकडे जाताना ती आमच्या पुढे नव्हती. माझ्याजवळ चालत होती, माझ्या गतीने. थोडं अंतर गेल्यावर तिने माझ्या हातातला कागद ओढला, उलटा केला, कोरी बाजू वर आणली आणि परत माझ्या हातात दिला.

"लिही ना."

मी दिव्याच्या खांबाला कागद टेकवला आणि पहिल्या ओळीत लिहिलं: १०.००, दांडी.

"आणि मग?"

तिने थोडा विचार केला. "मग बघू," ती म्हणाली, "तुला अकरा वीसला शू-ला जायचं असेल."

आत्या हसली. मी ओळ पुन्हा वाचून बघितली आणि कागदाची घडी घातली.